करदोड्याची बोरमाळ: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

आत्याकडून आबांचा, म्हणजे आजोबांचा, चांदीचा करदोडा आणला. वजन ८६ ग्रॅम. यातून आज्जीची बोरमाळ करायची आहे. मूळ माळ सोन्याची होती, ती १९७२ च्या दुष्काळात विकली. त्यानंतरच आबा गावातल्या इतरांबरोबर गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात कोईमतूरला गेले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडच्या लोकांना हे सांगायला नको. आमच्या भागातली घरटी एक-दोन माणसं केरळपासून आसामपर्यंत कुठं ना कुठं सोनं-चांदी गाळत बसलेली असतात.

आबांनी जन्मभर दुसऱ्यांचं सोनं गाळलं, पण दागिना असा एकही केला नाही. गलाईवाला वेगळा, सोनार वेगळा. त्यांची सांडशी, दोन मुशी (धातू वितळवायची भांडी) आणि कसोटीचा दगड माळ्यावर होता, तो खाली काढला. माझा अनुभव म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी तांब्या-पितळेची कानातली करण्याइतका. सराफ कट्ट्यावरचे एक सोनारकाका रविवारी त्यांच्या पेढीमागच्या जागेत बसू देतात, त्यामुळे भट्टी आणि ऐरणीचा प्रश्न सुटला.

माळेचा पुरावा म्हणजे विट्यात स्टुडिओत काढलेला एक काळापांढरा फोटो. त्यात समोरच्या बाजूचे २३ मणी मोजता येतात. मण्याचं माप कसं काढायचं हे लवकर सुचेना. मग लक्षात आलं, फोटोत आज्जीच्या मंगळसूत्राच्या वाट्या दिसतात आणि त्या वाट्या आत्याकडे अजून आहेत. वाटीची रुंदी १४ मिलिमीटर. फोटोतली वाटी आणि मणी पट्टीनं मोजून त्रैराशिक मांडलं, तर मणी ८ मिलिमीटरच्या आसपास निघाला. मानेमागचे धरून ४१ मणी करायचं ठरवलं.

तयार पोकळ मणी हुपरीकडे वजनावर मिळतात. ज्याला नुसती माळ हवी त्यानं सरळ तेच घ्यावेत.

१० फेब्रुवारी

टंच काढला, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती ते बघितलं. मशीनवर तीन ठिकाणी. कडीवर ६९ आला, जोडाजवळ ५४, अडकवायच्या आकड्यावर त्याहून कमी. हे मशीन फक्त वरचा थर वाचतं. जुन्या करदोड्यात प्रत्येक कडीला झाळ (सांधा जोडायचा मिश्रधातू) असते, त्यामुळे एका जागचा आकडा धरून हिशेब करू नका. सगळं आटवून गोळी करायची आणि तिचा टंच घ्यायचा.

आज्जीची जोडवीही यात घालावीत असं माझ्या मनात होतं. ती करदोड्यापेक्षा चांगल्या चांदीची निघाली. आत्यानं फोनवरच मोडता घातला. "पायातलं गळ्यात घालत्यात का कधी? करदोडा कमरंचा हाय, त्याचं चालतंय. जोडव्याला हात लावू नगं." आटवल्यावर धातूला पाय आणि गळा कुठला, असं मी म्हणून बघितलं. तिनं विषय बदलला. माळ पहिल्यांदा तीच घालणार आहे, तेव्हा जोडवी तशीच ठेवली. आता वाटतं तेच बरं झालं. त्यांची आतली कड बोटानं घासून घासून कागदासारखी पातळ झाली आहे, ती मुशीत गेली असती.

१८ फेब्रुवारी

आटणी. आधी करदोड्याचा ६ ग्रॅमचा तुकडा, सलग कड्यांचा, कापून बाजूला ठेवला. तुम्हीही ठेवा. एकदा आटवलं की वीण गेली.

आबांची मूस वापरायची हौस होती. काकांनी ती बोटानं वाजवली, आवाज बद्द आला. "आतनं तडकलीया. तापल्यावर तळ सुटला तर चांदी कोळशात जाईल, मग बस राख धूत." नवी मूस घेतली, १८० रुपये. आत टाकणखाराचा (बोरॅक्सचा) हात फिरवून ती आधी रिकामीच तापवली, मग तुकडे टाकले. सांडशी मात्र आबांचीच. लांब दांड्याची आहे, हाताला झळ लागत नाही.

लोखंडी साचा गरम करून आत गोडंतेल लावायचं असतं. थंड साच्यात ओतली तर चांदीवर फोड येतात आणि ओलसर साच्यात ओतली तर ती अंगावर उडते. ८० ग्रॅम टाकून ७८ ग्रॅमची कांडी मिळाली. बाकी मळ, मेण आणि झाळेतलं जस्त. कांडीचा टंच ६१.

ऐरणीवर चौथ्या-पाचव्या घावाला कांडीची कड फाटली. ताव दिला, म्हणजे मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवली, आणि पुन्हा ठोकली. आता आडवी चीर गेली. चिरेच्या आत दाणेदार राखाडी दिसत होतं, मोडलेल्या गुळासारखं. ६१ टंचाची चांदी नुसत्या तांब्यामुळे कडक होते, पण अशी भुगा होत नाही. काका म्हणाले, कथील आहे. तेव्हा करदोड्याचा अडकवायचा आकडा आठवला. कुठल्या तरी बाजारात फिरत्या कल्हईवाल्याकडून त्याला डाग मारून घेतला असणार. कथील किंवा शिसं थोडंसं जरी मिसळलं तरी चांदी ठिसूळ होते. आटवण्याआधी प्रत्येक दुरुस्ती भिंगाखाली बघायला हवी होती. करड्या, मऊ, नखानं ओरखडा उठणाऱ्या जागा कापून टाकायला पाच मिनिटं लागली असती. त्या न कापल्यानं पुढचे दोन आठवडे गेले.

टाकणखाराबरोबर सोरा (पोटॅशियम नायट्रेट) टाकून पुन्हा आटवून बघितलं. सोऱ्यानं हलके धातू जळून वर मळीत येतात. चीर कमी झाली, गेली नाही.

२५ फेब्रुवारी

नवी चांदी मिसळून टंच वाढवावा का, याचा हिशेब आज केला. ७८ ग्रॅममध्ये ६१ टक्क्यांनी ४७.५८ ग्रॅम शुद्ध चांदी. ती ९२.५ वर न्यायची तर जवळपास ३२८ ग्रॅम शुद्ध चांदी घालावी लागते. ग्रॅमला ७५ रुपये धरले तरी २४,६०० रुपये. वर माळेत आबांचा करदोडा पाचवा हिस्सासुद्धा उरत नाही. ८० टंचावर थांबलं तर ७४ ग्रॅममध्ये भागतं, पण कथील आत तसंच राहतं. ज्यांना जुन्या चांदीत नवी घालून काम करायचं आहे त्यांनी हा हिशेब आधी मांडावा. टंच जितका वर न्याल तितकी नवी चांदी भराभर वाढत जाते.

म्हणजे गलाईच करायला हवी. आबांच्या नातीला गलाई करून घ्यायला पैसे मोजावे लागणार, यावर चुलत्यांनी बराच विनोद केला.

३ मार्च

विट्याला गेले. आबांबरोबर कोईमतूरला असलेले एक काका आता गावाकडेच असतात, त्यांच्या मुलाची गलाई आहे. काकांनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं, "आमच्याकडं सगळ्यांचा माल एकात पडतो, पोरी. तुझ्या हिशेबाची शुद्ध चांदी तुला लगेच मिळंल. पण ती ह्या करदोड्याचीच, असं मी सांगणार न्हाई."

या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच. धंद्याच्या दृष्टीनं त्यात फसवणूक नाही. ४७ ग्रॅम चांदी म्हणजे ४७ ग्रॅम चांदी. पण तसंच असेल तर मी करदोडा मोडीत घालून त्या पैशात माळ घेतली असती. आठवणीचा दागिना करायला देणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा. बहुतेक पेढ्यांवरही जुना माल गलाईला जातो आणि दागिना होतो तो दुसऱ्याच चांदीचा. काहींना ते चालतं, आणि न चालण्याचं काही कारणही नाही. मला चालेना. छोटा माल वेगळा काढायचा म्हणजे त्यांचा वेळ जातो, म्हणून १,५०० रुपये ठरले.

मला लांबूनच बघू दिलं. कांडीचे पातळ तुकडे करून काचेच्या भांड्यात पाणी घातलेल्या शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) टाकले. तांबूस धूर निघतो, तो छातीत गेला तर जीवावर बेततं, म्हणून वर धुराडं आणि मोठा पंखा. हे घरात, गच्चीवर, कुठंही करू नका. चांदी आणि तांबं विरघळून पाणी हिरवट निळं झालं. तळाशी पांढरा गाळ राहिला. तेच कथील. ते तेजाबात विरघळत नाही, पांढरी भुकटी होऊन बसतं. गाळून काढलं.

मग निळ्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. पट्टीवर करडी लव धरायला लागली, बघता बघता तिचे झुपके होऊन खाली पडायला लागले. तांबं पाण्यात जातं आणि चांदी बाहेर पडते. शिसं असलं तरी ते पाण्यातच राहतं. सगळी चांदी पडली का हे बघायला काकांनी वरचं थोडं पाणी वेगळं घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले. दुधासारखं फुटलं, म्हणजे अजून चांदी शिल्लक होती. थांबलो. नंतर स्वच्छ राहिलं. करडा गाळ धुऊन, सुकवून, आटवला. ४६.५ ग्रॅम. ग्रॅमभर घट गेली, तेवढी धरलेलीच होती.

निघताना काकांनी आबांचा कसोटीचा दगड हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ह्यो कुणाला दिऊ नगंस," एवढंच म्हणाले.

१० मार्च

शुद्ध चांदी मण्यांना फार मऊ. ४६.५ ग्रॅमला ३.७७ ग्रॅम तांबं घातलं की ९२.५ टंच होतो. तांबं अर्थिंगच्या नव्या तारेचं घेतलं, ते शुद्ध असतं. ५० ग्रॅमची कांडी, टंच मशीनवर बरोबर. यावेळी ठोकताना घाव नुसता बसला. चीर नाही.

यातलीच ६ ग्रॅम चांदी आणि ३ ग्रॅम पितळ आटवून झाळ केली, कानशीनं घासून तिची भुकटी केली. बाजारातली लवकर वाहणारी झाळ घेऊ नका, त्यात कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर विषारी.

पट्टी पास मशीनवर (रुळांमधून दाबून पातळ करणाऱ्या) ०.३ मिलिमीटरपर्यंत उतरवून घेतली, ४०० रुपये. मध्ये मध्ये ताव देत राहिलं की कड फाटत नाही. ताव देताना बल्ब बंद करावा. उजेडात मंद लाल रंग दिसत नाही आणि चांदी जास्त तापते.

१७ मार्च

११ मिलिमीटरच्या चकत्या पाडल्या, ८२ आणि वर थोड्या. खळ्यांच्या ठोकळ्यात गोल गोट्यानं ठोकून अर्धगोल केले. सुरुवातीच्या काही चकत्यांना आधी भोक पाडलं आणि मग ठोकलं, तर भोक लांबोडकं होऊन कडेला फाटलं. आधी वाटी करायची, मग आत टोचा मारून ड्रिलनं भोक पाडायचं. झाळण्याआधी भोक हवंच. बंद मणी तापवला तर आतली हवा आणि ओल वाट शोधते, आणि तो फुटतो.

वाट्यांच्या कडा सँडपेपरवर आठ आठ गोल फिरवून सपाट केल्या. कंटाळवाणं काम. पण दोन वाट्या उजेडात एकमेकींवर धरून मधून फट दिसली, तर ती झाळ भरून काढत नाही.

२४ मार्च

होळी. बाहेर बोंबा, आत मी झाळत बसले होते.

दोन वाट्या लोखंडी बारीक तारेनं बांधायच्या, सांध्यावर टाकणखाराच्या लगद्यात कालवलेली झाळेची भुकटी लावायची, आणि मणी सगळीकडून तापवायचा. मी आधी ज्योत सांध्यावरच धरत होते. झाळ गोळी होऊन एका बाजूला पळायची. हुपरीला घुंगरू करणाऱ्या एका बाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं, "ज्योत लांब धरा, मणी लाल होऊ द्या, झाळ आपोआप फिरते." तसं केलं, आणि खरंच, चकाकती रेघ सांध्याभोवती एका दमात फिरली. ती दिसली की ज्योत तत्काळ बाजूला. झाळ आणि चांदी यांच्या वितळण्यात फार अंतर नाही. दोन मणी तिथंच बसले, त्यांची आता बटणं झाली आहेत.

काळपट मणी तुरटीच्या गरम पाण्यात टाकले. बाहेर काढले तर गुलाबी! काही मण्यांवरची लोखंडी तार काढायची राहिली होती. वापरलेल्या तुरटीच्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं, लोखंड आत गेलं की ते तांबं चांदीवर चढून बसतं. तार काढली, मणी तापवून काळे केले, नव्या तुरटीच्या पाण्यात टाकले. गेलं. चिमटासुद्धा लोखंडी नको, लाकडी किंवा तांब्याचा हवा.

तापवणं आणि तुरटी, असं आलटून पालटून केलं की वरचं तांबं निघून जातं आणि चांदीचा पांढरा थर वर येतो. मग रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश. इथं मात्र जीव सुखावला.

३१ मार्च

लाख भरणं. ०.३ मिलिमीटरचा पोकळ मणी बोटानं चेपतो, म्हणून बोरमाळेच्या मण्यात लाख असते. लाखेची भुकटी भोकातून भरायची, तव्यावर वाळू तापवून त्यात मणी ठेवायचा, लाख बसली की पुन्हा भरायची. वाळू फार तापली तर लाख फसफसून भोकातून बाहेर येते, जळका वास सुटतो आणि मणी आतून पोकळच राहतो. गॅस बारीक ठेवून झाकण घातल्यावर नीट जमलं. शेवटी तापलेला दाभण भोकातून आरपार, दोऱ्यासाठी.

लाख भरली की तो मणी पुन्हा ज्योतीपुढे नेता येत नाही. झाळ, तुरटी, उजाळा हे सगळं आधीच उरकलेलं असायला हवं. एका मण्याचा सांधा लाख भरल्यावर उकललेला दिसला. तो काढून टाकला, दुसरा घेतला.

७ एप्रिल

पटवेकऱ्यांकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्यांकडे, मणी दिले. त्यांनी एक मणी डोळ्यापुढे धरला आणि परत दिला. भोक १ मिलिमीटरचं, त्यांचा दुहेरी रेशमी दोरा त्यातून जाईना. दीड हवं. ड्रिलनं मोठं करताना लाखेचे टवके उडाले, आणि भोकाची कड धारदार झाली ती वेगळीच. आधी पटवेकऱ्याकडून दोऱ्याचा तुकडा आणा, मग ड्रिल निवडा.

लाल गोफ, मागं गोंडा, ५०० रुपये. सोन्याचं पाणी द्यावं असं आत्याचं आणि पटवेकऱ्यांचंही मत. मी नको म्हटलं. पाणी घामानं विटतं आणि मण्यांच्या टोकांना आधी उडतं. आणि करदोडा चांदीचा होता.

९ एप्रिल, पाडवा

आत्यानं घातली. फोटोतली माळ गळ्यालगत आहे, ही दोन बोटं खाली उतरली. गोफाची गाठ मागं सरकवून भागवलं.

खर्च: टंच १५०, गलाई १,५००, मूस-टाकणखार-तुरटी-लाख ७००, पास मशीन ४००, खळ्यांचा ठोकळा आणि गोटे १,८००, कानशी-ड्रिल-सँडपेपर ९५०, टॉर्च आणि गॅस १,६५०, पटवेकरी ५००. एकूण ७,६५० रुपये. सोनारकाकांनी जागेचे पैसे घेतले नाहीत, पेढा घेतला. अवजारं राहणार आहेत, तरीही तयार चांदीची बोरमाळ याहून स्वस्त पडली असती.

१२ मे

चुलतबहिणीच्या लग्नात आत्यानं माळ दिवसभर घातली. मे महिन्याचा घाम. मानेकडचे मणी काळवंडले, ते अपेक्षितच होतं. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं साफ झाले. गरम पाणी वापरायचं नाही, लाख सुटते. चांदी साफ करायच्या तयार द्रावणात बुडवायची नाही, ते भोकातून आत जाऊन बसतं.

एका मण्यापाशी गोफाचे दोन धागे तुटलेत. भोक मोठं केल्यावर तयार झालेली ती धारदार कड. मोठ्या ड्रिलचं टोक हातानं फिरवून प्रत्येक भोकाची कड मोडून घेतली, आता सुई फिरवली तर अडकत नाही. पुढच्या रविवारी माळ परत पटवेकऱ्यांकडे, गोफ बदलायला. या खेपेला दोन बोटं आखूड सांगायची.